गल्लीची किल्ली

निंबाळ वसाहत, उमरेड रोड, नागपूर
६ जानेवारी २०२५

चि. वैभवीस आशीर्वाद.

पत्र लिहायला फार उशीर झाला. दिवाळीत सुरुवात केली होती, पण कागदावर चहा सांडला. दुसरा कागद घेतला तर काय लिहायचं तेच सुचेना. राग धरून बसलो होतो असं समजू नकोस. राग आहे, पण त्याच्यामुळे पत्र थांबलं नाही. माझ्या आळसामुळे थांबलं.

फोन काहून केला नाही म्हणशील. फोनवर आपलं काय होतं ते तुला माहीत आहे. तू तिकडून "बोला बाबा" म्हणतेस, मागून कोणीतरी तुला हाक मारतं, मला घाई होते, आणि जे बोलायचं नाही तेच आधी तोंडातून निघतं. दोन वर्षांपूर्वी तसंच झालं. त्यापेक्षा कागद बरा. चुकलं तर खोडता येतं.

नव्या कामासाठी गेलीस ते कोल्हापूरचं पाणी तुला मानवलं का? तिकडे तिखट फार खातात म्हणे. वच्छलाबाईला सांगितलं तर ती म्हणाली, "आपल्या सावजीपुढं ते काय तिखट जी! पोरगी साखर घालून खात असंल." ती तुझी आठवण काढते. शेजारी राहून तिला जेवढी तुझी काळजी वाटते तेवढी आपल्या नात्यातल्या कोणाला वाटत नाही.

माझी तब्येत ठीक आहे. गुडघा कुरकुरतो. झोप लागत नाही, पण ती आधीही लागत नव्हती. तुझ्या घराचं कुलूप रोज ओढून पाहतो आणि दारापुढची जागा झाडून घेतो. या रस्त्यावरून कोळशाचे ट्रक जातात, त्यामुळे झाडलं तरी तासाभरात पुन्हा काळं होतं.

आता मूळ गोष्ट. इथे आपल्या गल्लीत गेट लावायचं ठरतं आहे.

मधुसूदनची स्कूटर दसऱ्याच्या सुमारास चोरीला गेली. मधुसूदन म्हणजे पुढच्या रांगेतला, खापरखेड्याच्या पॉवर स्टेशनातून रिटायर झालेला. आता तो सोसायटीचा सेक्रेटरी आहे. माणूस वाईट नाही. सकाळी माझ्याबरोबर फिरायला येतो आणि माझ्या गुडघ्यासाठी हळू चालतो. त्याने मीटिंग बोलावली. म्हणाला, पुढच्या रांगेत बंगले आहेत, मागच्या रांगेत एका-एका खोलीची घरं आहेत, आणि मागचे सगळे आमच्या दारावरून चौकात जातात. कोण कोणाचा पाहुणा, कोण डबेवाला, कोण चोर, कसं ओळखायचं? तेव्हा दोन रांगांच्या मधे गेट हवं. सगळ्यांनी हात वर केले. आधी महिनाभर साखळी आणि कुलूप लावून पाहायचं, मग पक्कं लोखंडी गेट. सकाळी आणि संध्याकाळी उघडायचं, बाकी वेळ बंद. बंद असताना मागच्यांनी मोठ्या रस्त्याने वळसा घालून चौकात जायचं.

किल्ल्या दोन आहेत. एक मधुसूदनकडे आणि एक, तुला खोटं वाटेल, माझ्याकडे दिली. सगळ्यांसमोर दिली. मधुसूदन म्हणाला, "ज्यांच्या मुलीने ही वस्ती उभी केली, त्यांच्यापेक्षा भरवशाचा माणूस कोण?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू इथे असतीस तर बरं झालं असतं.

तुझ्या कामातलं मला फार कळत नाही. खाप्याला तू पहिलं काम केलंस तेव्हा मोठी घरं कितीतरी दिवस रिकामी पडली होती, कारण लहान घरं अगदी लागून होती. बाकीचे बिल्डर ती नाल्याकडे ढकलतात, कायद्यापुरती बांधतात. लोक मला विचारायचे, "पोरीले कोणी शिकवलं असं उलटं काम?" मी म्हणायचो, मी नाही शिकवलं. इथेही तू तेच केलंस. मला मागच्या रांगेत एका खोलीचं घर दिलंस, सोडतीत निघालं म्हणून. बिल्डरच्या बापाची सोडत काहून काढायची? त्यावरूनच दोन वर्षांपूर्वी फोनवर आपलं वाजलं, पण तो विषय इथे काढत नाही.

मधुसूदन म्हणतो, गल्लीची जागा अजून तुझ्या कंपनीच्या नावावर आहे, सोसायटीकडे आली नाही. त्यामुळे पक्कं गेट लावायला तुझा होकार लागेल. तो तुला विचारणार आहे. तू काय सांगशील ते मलाही कळव. मला वाटतं गेटने नुकसान काही नाही. माणसं आपलीच आहेत. किल्ली माझ्याकडेच आहे.

उत्तर पाठव.

तुझा बाबा

२० जानेवारी २०२५

चि. वैभवीस आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं नाही. टपालात अडकलं असेल. मी पोस्टमनला दोनदा विचारलं, तर तो म्हणाला, "आजोबा, आता कोणी पत्र लिहिते का? पार्सल असंल तर सांगा."

मागच्या पत्रात मी लिहिलं की सगळ्यांनी हात वर केले. ते जरा नीट सांगतो. मागच्या रांगेतून मीटिंगला मी आणि भैय्याजी हेडाऊ असे दोघंच होतो. बाकीचे कामावर होते, मीटिंग दुपारची होती. भैय्याजीने हात वर केला नाही. मी केला. किल्लीचं आधीच बोलणं झालं होतं, मग हात खाली कसा ठेवायचा? भैय्याजी उमरेडचा. अजून घरी माग चालवतो, आणि त्याला प्रत्येक गोष्टीत विरोधच करायचा असतो. म्हणून मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

पण या किल्लीने माझा जीव आंबला आहे.

सकाळी उजाडायच्या आत दार वाजतं. "वामनराव, साखळी!" पाणी भरणारी, झाडूवाली, पहिल्या बसने एमआयडीसीत जाणारी पोरं. मी तोंडही धुतलेलं नसतं. साखळी काढून घरी येतो, चहा ठेवतो, तर मधुसूदनचा फोन, "वेळ झाली, लावलं का कुलूप?" लावायला जातो, तेवढ्यात शाळेची पोरं येतात. त्यांना कसं अडवायचं? त्यांना सोडलं तर पुढच्या रांगेतून कोणीतरी खिडकीतून पाहतं आणि मधुसूदनला सांगतं. दुपारी जेवायला बसलो की पुन्हा, "वामनराव!" एकदा घास हातात घेऊनच गेलो.

वच्छलाबाईचं तुला माहीतच आहे. चौकातल्या दुकानवाल्यांना आणि शाळेतल्या मास्तरांना ती डबे देते. गाडी ढकलत गल्लीतून जायची, दहा मिनिटांत गरम डबे पोचायचे. आता तिची वेळ नेमकी बंदच्या वेळेत येते. परवा ती गाडी घेऊन साखळीपाशी उभी होती आणि मी कुलूप उघडत होतो. किल्ली जरा अडकते. ती म्हणाली, "काहून जी चौकीदारसाहेब, पगार किती ठरला?"

मी म्हणालो, "वच्छलाबाई, मी कमिटीचा माणूस आहे."

"हाव ना. म्हणूनच तर विचारून राहिले. कमिटीनं टोपी देल्ली का शिट्टी? का नुसतीच किल्ली?"

मागे उभी असलेली पोरं हसली. मी साखळी सोडली.

तुला वाटेल बुढ्याला बोचलं. बोचलंच. गिरणी बंद पडल्यावर मी त्या धंतोलीच्या इमारतीच्या गेटवर चौकीदार म्हणून उभा राहायचो तेव्हा तू लहान होतीस. शाळा सुटली की तिथे यायचीस. माझ्या खुर्चीवर वही ठेवून खाली बसून अभ्यास करायचीस. आत बाग होती, झोके होते. तू एकदाही आत जाऊ का म्हणून विचारलं नाहीस. मला तेव्हा वाटायचं, पोरगी शहाणी आहे, हट्ट करत नाही. पुढे तू ही वस्ती बांधलीस आणि म्हणालीस की इथे कुठेच गेट नको, तेव्हा मला वाटलं तू लोखंडाचे पैसे वाचवतेस. आता रोज साखळी लावताना ते गेट आणि हे गेट डोक्यात एक होतं. मग मी किल्ली खिशात टाकतो आणि दुसऱ्या गोष्टीचा विचार करतो.

संक्रांतीचं हळदीकुंकू पुढच्या रांगेतल्या बायकांनी दरवर्षीप्रमाणे ठेवलं. मागच्या रांगेला बोलावणं होतं. वेळ दुपारची, आणि मी नेमका बँकेत गेलेलो. परत येऊन पाहतो तर मागच्या सगळ्या बाया ठेवणीतली लुगडी नेसून साखळीच्या अलीकडे उन्हात उभ्या, आणि पलीकडे मधुसूदनची बायको हातात करंडा घेऊन. तिला नवऱ्याची किल्ली सापडत नव्हती. वच्छलाबाई मोठ्यानं म्हणाली, "साखळीवरूनच लावा वं कुंकू! तीळगूळ आम्ही झेलतो." सगळ्या हसल्या. मधुसूदनची बायको मात्र रडवेली झाली होती. मी धावत जाऊन कुलूप काढलं. संध्याकाळी मधुसूदन म्हणाला, "बायकांच्या कार्यक्रमापुरतं ठीक आहे. पण नियम मोडला की सगळे मोडतात, वामनराव."

आता तो म्हणतो, मागच्या रांगेकडे येणारे बाहेरचे लोक असतील तर त्यांना सोडायचं नाही. बाहेरचा कोण हे मी कसं ठरवू? वच्छलाबाईचा जावई बाहेरचा की आतला?

तू मधुसूदनला नाही म्हणून कळव, म्हणजे हे आपोआप संपेल. मी आता उलट बोललो तर हसं होईल. तू बोललीस तर होणार नाही. काळजी वाटते म्हणून लिहिलं. उत्तर लवकर दे.

तुझा बाबा

ता. क. भाकरीबरोबर ताक घेत जा. तिकडे तिखट फार.

३ फेब्रुवारी २०२५

वैभवी,

आज मायना नीट लिहीत नाही. 

वच्छलाबाई घर विकायला निघाली.

मला तिने सांगितलं नाही. परवा एक दलाल मागच्या रांगेत दारं मोजत फिरत होता. मी विचारलं, कोण पाहिजे? तो म्हणाला, "तुमच्या बाजूचं घर घ्यायचं आहे. पुढच्या रांगेतल्या एका पार्टीला पाहिजे. ड्रायव्हरला राहायला आणि गाडी ठेवायला." मग आजूबाजूला पाहून म्हणाला, "तुमचं पण द्यायचं असेल तर सांगा. पुढे-मागे ही सगळी रांग पार्किंगमध्येच जाणार आहे."

मी वच्छलाबाईकडे गेलो. ती कांदे चिरत होती. म्हणालो, "वच्छलाबाई, हे काय ऐकून राहिलो?"

"खरंच ऐकलं."

"अशी कशी जाशील वं? पोरीची शाळा इथं आहे."

"शाळा इथं हाय, पण शाळेचा रस्ता कुठं हाय?" तिने विळी बाजूला सरकवली. "डबे घेऊन त्या ट्रकांमधून जाते मी. गुंजनले शाळेत सोडायला सून जाते, तिची ड्युटी चुकते. आम्ही इथं काहून आलो होतो? मॅडमनं सांगितलं होतं, पायी चालत सगळं भेटंल म्हणून. तुमच्या मॅडमनं. आता पायी चालायलेच तुमची परवानगी लागते."

गुंजन म्हणजे तिची नात. तू गेलीस तेव्हा कडेवर होती. आता बालवाडीत जाते.

मी म्हणालो, "मी वैभवीला लिहिलं आहे. ती नाही म्हणणार."

ती म्हणाली, "मग थांबते रविवारपर्यंत. दलालाले शब्द नाई देल्ला अजून." रविवार म्हणजे नऊ तारीख. त्या दिवशी पक्कं गेट बसवणार आहेत.

तिथून मी सरळ मधुसूदनकडे गेलो. तो बागेला पाणी घालत होता. मी म्हटलं, "मधुसूदन, गेट बसवता येणार नाही. माझ्या मुलीचा होकार नाही."

त्याने नळ बंद केला. माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं त्याला माझी कीव येते आहे. म्हणाला, "बसा वामनराव. पाणी घ्या. तुमच्यासमोरच विचारतो." आणि त्याने फोन लावून टेबलावर ठेवला, स्पीकर चालू करून.

वैभवी, दोन वर्षांनी मी तुझा आवाज ऐकला. तुला माहीत नव्हतं मी तिथे बसलो आहे ते. मधुसूदनने सांगितलं नाही, आणि मीही कळू दिलं नाही.

तू म्हणालीस, "काका, मी सांगितलं ना तुम्हाला. लावा. फक्त सोळा तारखेपर्यंत लावा आणि आवाज होऊ देऊ नका. सतरा तारखेला इथल्या कामात पैसे घालणारी माणसं निंबाळ बघायला येत आहेत. त्यांना तिथे भांडण दिसलं तर ते इथली लहान घरं काढून टाका म्हणतील. मग माझ्या हातात काही राहणार नाही."

मधुसूदन म्हणाला, "भांडण नाही हो. सगळे खुशीत आहेत."

मग तू विचारलंस, "बाबांना चालेल का पण? ते काय म्हणतात?"

मधुसूदन हसला. म्हणाला, "अहो, किल्ली त्यांच्याकडेच तर आहे."

"बाबांकडे?"

"सुरुवातीपासून."

 मागे कुठेतरी मशीन चालू होतं. मग तू म्हणालीस, "बरं." आणि फोन ठेवलास.

त्या "बरं"नंतर मी तिथून उठून घरी कसा आलो ते मला आठवत नाही.

एक गोष्ट कळली. तू माझी पत्रं उघडली नाहीस. उघडली असतीस तर किल्लीचं विचारलं नसतंस. तुझ्या टेबलावर पडली असतील कागदांखाली. म्हणजे हे पत्रही तिथेच पडेल. तरी लिहितो आहे. काय करू?

तू असं काहून केलंस? मी म्हातारा आहे, मला किल्लीचा मोह पडला. पण तू तर या गेटसाठी माझ्याशी बोलणं सोडलंस. गेटसाठी नाही, घरासाठी. पण मला आता ते एकच वाटतं. सगळे हसत असताना तू मागच्या रांगेत माझ्या शेजारी स्वतः घर घेऊन राहिलीस. दुसऱ्या गावातली रांग वाचवायची म्हणून ही रांग द्यायची, असा तुझा हिशोब असेल. तुझं शिक्षण मोठं आहे, हिशोब बरोबरही असेल. पण इथली माणसं त्या हिशोबात कुठे बसतात ते मला दिसत नाही.

आणि मलाच लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, फोनवर तुझा आवाज दमलेला वाटला. त्याचाच विचार जास्त येतो. जेवतेस का वेळेवर?

बाबा

१० फेब्रुवारी २०२५

चि. वैभवीस आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या नावाने पाठवत नाही. पाकिटावर "चौकीदार, वैभवी मॅडमची साइट" असं लिहिलं आहे आणि आत त्याच्यासाठी वेगळी चिठ्ठी ठेवली आहे, की भाऊ, मीही हेच काम केलं आहे, एवढं मॅडमच्या हातात द्या आणि त्या वाचेपर्यंत समोर उभे राहा. तो उभा असेल तर त्याच्यावर रागावू नकोस.

काल रविवार झाला. काय झालं ते सांगतो. मधुसूदन तुला वेगळं सांगेल. दोन्ही ऐक.

शनिवारी सकाळी मी किल्ली परत दिली. मधुसूदन म्हणाला, "रागावलात का?" मी म्हटलं, "नाही, गुडघा दुखतो." त्याच्या तोंडावर खरं बोलायला मला अजून जमत नाही. तो इतकी वर्षं माझ्यासाठी हळू चालला आहे.

तिथून भैय्याजी हेडाऊच्या दारावर गेलो. त्याच्याशी मी नीट बोललो नव्हतो मीटिंगपासून. तो म्हणाला, "या कमिटी, या." मी बसलो. त्याच्या घरात सुताचा ताणा गुंडाळून ठेवलेला होता. उभ्या धाग्यांचा, कितीतरी लुगड्यांच्या लांबीचा. मागावर चढवायच्या आधी त्याला खळ लावायची होती. घरात एवढी लांबी मावत नाही, म्हणून तो उमरेडला नेऊन भावाच्या गल्लीत लावणार होता.

मी म्हणालो, "उमरेडले काहून जाता? गल्ली इथं नाई का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग हळूच हसला. "कोणत्या दिवशी म्हणता?"

"उद्या सकाळी."

"बुढ्या," तो म्हणाला, "तुझ्यात अजून सूत शिल्लक हाय गा."

तुला ही पद्धत पाहायला मिळाली नाही. तू जन्मलीस तोवर मी मागावरून गिरणीत गेलो होतो. गोळीबार चौकाकडच्या आमच्या गल्लीत सकाळी घराघरातून बांबूच्या घोड्या बाहेर यायच्या. त्यांच्यावर सूत ताणायचं, खळ लावायची, आणि दोन्ही बाजूंनी माणसं कुंचा फिरवत चालायची, सूत वाळेपर्यंत. मधे थांबता येत नाही. थांबलं की धागे चिकटले, माल वाया. तेवढा वेळ गल्ली सुताची. टांगेवाला कोपऱ्यावर थांबायचा. आणि ताणलेल्या सुतावर कोणी पाय टाकत नाही, कोणी ते ओलांडत नाही. ओलांडलं तर त्या घराचा माग बसतो, आणि ओलांडणाऱ्याचंही बरं होत नाही. भांडणातला शत्रूसुद्धा ओलांडायचा नाही.

काल उजाडताच मधुसूदन सकाळची साखळी सोडून घरात गेला आणि आम्ही सूत काढलं. बरोबर साखळीच्या जागेवरून. भैय्याजी एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. माझा हात चुकत होता आणि तो शिव्या देत होता. वच्छलाबाई खळीचं भांडं घेऊन आली. तिचं माहेरही आपल्यासारखंच विणकरांचं. कुंचा हातात घेतला आणि म्हणाली, "सरका जी चौकीदारसाहेब, तुमी रांगोळी काढून राहिले." मागच्या रांगेतले सगळे बाहेर आले. पुढच्या रांगेच्या खिडक्या उघडल्या. मधुसूदनची बायको फाटकापर्यंत येऊन उभी राहिली, तिने असं काही पाहिलं नव्हतं. लोक चौकात ये-जा करत होते, सुताच्या कडेकडेने. तेव्हा मी पाहिलं. मधे ताणा, आणि दोन्ही बाजूंना बरोबर एक-एक माणूस चालेल एवढी जागा. आपल्या जुन्या गल्लीत होती तेवढीच. तू ही रुंदी कुठून आणलीस? मी तर तुला कधी सांगितलं नव्हतं. तुझ्या आजीने सांगितलं असेल. मी दुसरीकडे तोंड करून डोळे पुसले. सगळ्यांना वाटलं खळीची वाफ.

गेटवाला आला तेव्हा ऊन चढलं होतं. तरुण पोरगा, पियुष नाव, पाचपावलीचा. हातगाडीवर लोखंडी खांब आणि वेल्डिंगचं मशीन. मधुसूदन त्याच्यामागून आला. म्हणाला, "हा काय तमाशा आहे, वामनराव? काढा हे."

भैय्याजी म्हणाला, "वाळल्याबिगर निघत नाई साहेब."

"किती वेळ?"

"सूर्याले विचारा."

मधुसूदनने पियुषला सांगितलं, "तू खड्डे घे सुरुवातीला. याच्या खालून पलीकडे जा."

पियुष तिथेच उभा राहिला. मग चपला काढल्या. मला वाटलं आता हा वाकून खालून जातो.  वच्छलाबाई कुंचा फिरवायची थांबली नाही, पण पाहत त्याच्याकडेच होती. तो म्हणाला, "नाई जी. माह्या आजीचा ताणा असाच राहायचा. मी नाई जात खालून. वरून तर नाईच." आणि गाडी वळवली.

मधुसूदन किती वेळ एकटाच उभा होता. त्याने हात लावला नाही सुताला. लावू शकला असता, त्याला कोणी धरणार नव्हतं. जाताना माझ्याजवळ थांबून हळू आवाजात म्हणाला, "मला तुम्ही आधी सांगायला पाहिजे होतं. मीटिंगमध्ये हात तुमचा पहिला होता. आता रविवारी मी दुसरी माणसं आणतो, बाहेरगावची. त्यांना आजी-बिजी काही नाही. सूत असो वा नसो. तुमच्या मुलीनेच सोळा तारीख दिली आहे." त्याचं म्हणणं खोटं नाही.

वच्छलाबाईने दलालाला पुढच्या सोमवारवर टाकलं आहे.

आज सकाळी मधुसूदन फिरायला आला नाही. मी थोडा वेळ त्याच्या फाटकापाशी उभा राहिलो आणि मग एकटाच गेलो.

आता माझी अडचण तू समजून घे. भैय्याजीचाच आणखी एक ताणा त्याच्या भावाकडे आहे. तो शनिवारी आणता येतो. रविवारी बाहेरगावची माणसं आली आणि त्यांनी तो कापला तर भैय्याजीची दोन महिन्यांची मजुरी जाईल. तो म्हणतो जाऊ दे. पण मारामारी होईल, पोलीस येतील, आणि सोमवारी तुझी कोल्हापूरची माणसं इथे उतरतील तेव्हा जे पाहतील त्याने तुझं तिकडचं काम बुडेल. तिकडच्या लहान घरांत कोण राहणार आहेत ते मला माहीत नाही, पण त्यांचीही कोणी वच्छलाबाई असेल. आणि मी ताणा लावला नाही तर इथली जाते. दोन्ही बाजूंनी माझाच हात लागतो. मला असलं ठरवता येत नाही. आयुष्यभर दुसऱ्याने सांगितलं तेव्हा फाटक उघडलं आणि दुसऱ्याने सांगितलं तेव्हा लावलं.

तू स्वतः सांग. मधुसूदनच्या फोनमधून नको, मला सांग. गेट लाव म्हणालीस तर मी सूत आणणार नाही, गल्ली तुझी आहे, आणि वच्छलाबाईच्या सामानाला मीच दोरी बांधीन. नको म्हणालीस तर मधुसूदनला तसं तोंडाने सांग, म्हणजे त्यालाही मान खाली घालावी लागणार नाही. आणि जर तुला तिसरं काही सुचत असेल, जे आम्हाला सुचत नाही, तर महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बस आणि ये. तुझं घर झाडलेलं आहे.

पण कळव. फोन कर, मी या वेळी फक्त ऐकेन. त्या चौकीदाराच्या फोनवरून केलास तरी चालेल. शनिवारी दुपारच्या आत कळव वैभवी, कारण खळ आदल्या संध्याकाळी शिजवून ठेवावी लागते, आणि मी चूल पेटवू की नको तेवढं तरी मला कळलं पाहिजे.

तुझा बाबा